डाव्या पायाची चप्पल

मी जन्मभर लुगडं नेसले. काष्टा मारून, पोटऱ्या उघड्या. धानाच्या बांधीत रोवणा करणाऱ्या बाईला दुसरं काही चालत नाही. गोल साडी नेसून चिखलात उतरली तर ती धानाचे पऱ्हे लावेल की साडी सांभाळेल? असं सारं वय गेल्यावर, केस पिकल्यावर, मी एकाएकी गोल साडी नेसायला लागले. तीही घोट्याखाली, जमीन झाडत जाईल इतकी लांब.

आमच्या शेजारची म्हातारी माझ्याच वयाची आहे आणि तिच्या तोंडाला कधी झाकण नसतं. तिनं पहिल्याच दिवशी रस्त्यात अडवलं.

"काऊन वो, आता नवा नवरा पाहून राहिली का?"

"काष्ट्यानं कंबर दुखते माझी," मी म्हटलं.

"कंबर दुखते म्हणून पाय झाकते! चांगलं आहे बाई."

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसले आणि पुढे निघून गेले. त्या हसण्यावर मी सुटले असं मला वाटलं.

खरं कारण डावा पाय होता. आधी तो फक्त सायंकाळी सुजायचा आणि सकाळी उतरायचा. मग उतरेनासा झाला. गुडघ्याखाली सारखाच जाड, घोट्यापाशी कातडीची घडी पडलेली, कातडी राठ. आमच्या भागात हा रोग जुना आहे आणि त्याचं नाव लहान पोरालाही माहीत असतं. मी ते नाव घरात कधी काढलं नाही. मी लहान असताना गावात असा पाय असलेला एक माणूस होता. तो पंगतीत शेवटी बसायचा, त्याला कोणी बसवायचं नाही, तो आपणच तिथे जाऊन बसायचा. माझा पाय वाढायला लागला तेव्हा मला सगळ्यात आधी त्याची ती जागा आठवली.

पायाचं ओझं सोसता येतं. सोसवत नव्हतं ते ताप चढणं. वर्षातून दोन-तीनदा अचानक हुडहुडी भरायची, दात वाजायचे, पाय लाल होऊन चुलीजवळच्या विटेसारखा तापायचा आणि जांघेत गाठ यायची, हात लावू देत नसे अशी. चार-पाच दिवसांनी ते उतरायचं, पण पाय आधीपेक्षा थोडा जाड करून जायचं. मी सुनेला सांगायची, मलेरिया असेल. सून गोळी आणून द्यायची. ती शहाणी बाई आहे, जास्त विचारत नाही.

शेवटी मी तालुक्याच्या गावी, गोरेगावला गेले. सरकारी दवाखाना आमच्या गावाजवळही आहे, पण तिथे आमच्या गल्लीतली आशाताई येते-जाते. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी थैली घेऊन एसटीत बसले, म्हणजे बाजाराला चालले असं दिसेल. दवाखान्यात गेल्यावरही आधी बाकावरची माणसं पाहून घेतली. ओळखीचं कोणी नव्हतं.

तिथली नर्स अंगानं धिप्पाड आणि आवाजानं त्याहून मोठी होती. मी साडी थोडीशी वर केली. ती म्हणाली, "पुरी वर करा आजी, पाय पाहायचा आहे, साडी नाही." सगळ्या खोलीनं ऐकलं असेल.

तिनं घमेल्यात पाणी आणलं आणि माझा पाय स्वतः धुतला. साबण लावून, कातडीच्या घडीत बोट घालून, एकेक बोट वेगळं करून. मग फडक्यानं टिपून कोरडा केला. माझा पाय दुसऱ्या कोणी धुतल्याला किती वर्षं झाली असतील. मला तिच्याकडे पाहवेना, मी भिंतीवरच्या डासाच्या चित्राकडे पाहत बसले. करंगळीजवळ कातडी फाटली होती. तिनं ती मला दाखवली.

"हे दार आहे. इथून जंतू आत शिरतात. मग तुम्हाला थंडी वाजून ताप येते."

"ताप तर मलेरियाचा असते ना बाई?"

"मलेरियात पाय लाल होते का? जांघेत गाठ येते का?"

मग तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते, कारण मी चौथीपर्यंतच शिकले आणि तिचे सगळे शब्द माझ्याजवळ राहिले नाहीत.

रक्ताच्या नसा असतात तशा अंगात पाण्याच्याही बारीक नळ्या असतात. अंगात जागोजागी झिरपलेलं पाणी त्या गोळा करून परत नेतात. त्या नळ्यांच्या वाटेवर गाठी असतात, जांघेत, काखेत, गळ्यात. अंगाचे शिपाई तिथे बसलेले असतात. पायातून एखादा जंतू शिरला की तिथलेच फिरते शिपाई त्याला खाऊन टाकतात आणि त्याचा तुकडा घेऊन गाठीपर्यंत येतात. हा कोण, ह्याला कोणी ओळखतं का, म्हणून तिथे तो दाखवतात. गाठीत निरनिराळे शिपाई असतात, प्रत्येकाला एकच तोंड ओळखता येतं. ज्याला हे तोंड ओळखू येतं, तो एकाचे हजार होतो आणि ते हजार अंगभर निघतात. गाठ फुगते ती ह्या गर्दीनं. आणि एकदा भेटलेल्याला त्यांच्यातले काही विसरत नाहीत, पुढच्या वेळी लवकर उठतात.

"कोहमाऱ्याच्या नाक्यावर ट्रक थांबवतात तसं," मी म्हटलं.

"तसंच. ताप पण तेच आणतात. अंग गरम केलं की जंतूले जड जाते."

"मग माझे शिपाई कुठे मेले?"

नर्स हसली. "मेले नाही. त्यांचा रस्ता तुटला."

रस्ता किड्यानं तोडला होता. डास चावतो, तो किड्याची पिल्लं अंगावर सोडून जातो, ती त्या पाण्याच्या नळ्यांत जाऊन मोठी होतात, दोऱ्यासारखी लांब. वर्षानुवर्षं तिथेच राहतात आणि त्यांची पिल्लं रक्तात फिरतात. त्यांच्या असण्यानं नळ्या ढिल्या पडतात, मग फुटतात, आणि खाली पाणी साचतं. हे मला समजावून द्यावं लागलं नाही. माझे सासरे आमच्या गावच्या तलावाचे पाणकर होते, कोणत्या बांधीला कधी पाणी सोडायचं ते पाहणारे. पाट फुटला की पुढची बांधी सुकते आणि मधल्या जागेत नुसती दलदल होते, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहत आले. माझा पाय म्हणजे ती दलदल. तिथे शिपायांना नीट ये-जा करता येत नाही, म्हणून एवढ्याशा भेगेतून शिरलेला जंतूही माजतो.

पण एक गोष्ट मला पटेना. मी विचारलं, "इतके शिपाई, इतकी ओळखपाळख, आणि हातभर दोरा अंगात राहते तर त्याईले दिसत नाही?"

"बोटभर, हातभर नाही. दिसते, पण तो चालू असते. आपलेच कपडे घालून बसते म्हणा ना. शिपायाले गुंगवते. घरजावई कसा राहते, पहिल्या वर्षी सारे पाहतात, मग कोणी विचारत नाही."

मग तिनं गोळ्यांचं सांगितलं. दरवर्षी गावात त्या वाटतात. गोळी पोटात गेली की रक्तातल्या पिल्लांचं सोंग उतरतं. इतके दिवस घरात फिरणारा परका आहे हे शिपायांना एकदम दिसतं आणि ते सगळे एकदम तुटून पडतात. त्या दिवशी ताप येतो, डोकं दुखतं, उलटी होते, अंगावर पुरळ उठते. एक-दोन दिवसांत उतरतं. ज्याच्या अंगात काही नाही त्याला बहुतेक काही होत नाही.

"म्हणजे ज्याले ताप आला त्याच्या अंगात होता."

"बराबर. लोक म्हणतात गोळीनं आजारी पडलो. आजारी तो आधीच होता, आजी. तुमच्या घरच्याईले घ्यायले लावा. तुमच्या पायाचा किडा कधीचा मेला असेल. दुसऱ्याचा पाय तर वाचते."

मी थैलीत खाली साबण आणि मलम ठेवलं, वर वांगी ठेवली आणि घरी आले. तेव्हापासून रोज न्हाणीत, फाटकाला चादर लावून, पाय धुते. ताप कमी झाला. कोणाला काही सांगितलं नाही.

माझा मुलगा पिकअप चालवतो. गावागावातून धान उचलून गोंदियाला मिलमध्ये पोचवतो. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप. हिवाळा संपत आला तेव्हा एका सायंकाळी तो गाडीतून उतरला आणि डावा पाय किंचित ओढत अंगणातून आला. घरापुढच्या सपरीत बसला आणि अंगठ्यानं जांघ दाबत राहिला.

"काय झालं गा?"

"काही नाही. क्लच दाबून दाबून दुखून राहिलं."

दुसऱ्या दिवशीही तसंच. सकाळी चाल सरळ, सायंकाळी ओढलेली. सुनेनं सांगितलं, जांघेत गाठ आहे म्हणतात. मी त्याच्या घोट्याकडे पाहिलं. मोज्याच्या रबराचा वळ खोल उमटला होता आणि लवकर जाईना. माझ्याच पायाची ती पहिली सायंकाळ होती. तिला मी ओळखणार नाही तर कोण ओळखेल?

त्याच महिन्यात गोळ्यांची मोहीम आली. पण आमच्या गल्लीत आधीच्या वर्षीचं लोकांच्या मनात होतं. आधीच्या वर्षी गोळ्या घेतल्यावर पाच-सहा जणांना ताप भरला होता आणि एक बाई बोअरिंगजवळ चक्कर येऊन पडली होती. तेव्हापासून लोकांनी एक रीत काढली. नाही म्हणायचं नाही, वाद घालायचा नाही. गोळ्या हातात घ्यायच्या आणि म्हणायचं, "जेवून घेतो." मग त्या पदराच्या गाठीत, शर्टाच्या खिशात, तिथून उकिरड्यावर. आशाताई रजिस्टरवर सही घेऊन पुढे जायची. तिलाही माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत असायचं आणि कोणी कोणाला तोंडावर बोलत नसे.

मी आदल्या दिवशी मुलाला म्हटलं, "उद्या गोळ्या घेजो. सामनेच गिळजो."

"तू कधीपासून डॉक्टर झाली, माय? मले गाडी आहे. ताप आला तर मिलवाला थांबते का?"

"ताप आला तर बरंच आहे."

"काय?"

पुढे सांगायचं तर कोणी सांगितलं, कुठे सांगितलं, तू गोरेगावला कायले गेली होतीस, हे सगळं आलं असतं. माझ्या तोंडाशी आलं आणि मी म्हटलं, "जेव आता, भाजी थंडी होऊन राहिली." पोराचा पाय जातो आहे हे मला दिसत होतं, आणि मला त्याच्यापुढे माझा पाय काढण्याची लाज वाटत होती. ताटावर बसून मी त्याला वाढत होते आणि स्वतःची किळस येत होती.

सकाळी गल्लीतली माणसं समाजमंदिरापुढे जमली. एक आरोग्यसेवक आणि आशाताई होते. आरोग्यसेवकाजवळ उंची मोजायची काठी होती, उंची पाहून काही गोळ्या देतात. माझी उंची मोजली तर शेजारची म्हातारी म्हणाली, "हिले अर्धीच द्या, ही दरवर्षी कमी होऊन राहिली." लोक हसत होते आणि गोळ्या मुठीत घेऊन सरकत होते. मी माझ्या गोळ्या तिथेच गिळल्या. कोणी पाहिलं नाही.

मुलगा आला. त्यानं गोळ्या घेतल्या, तळहातावर पाहिल्या.

"सामनेच घ्या भाऊ," आरोग्यसेवक म्हणाला.

"जेवून घेतो."

"तू जेवला आहेस," मी म्हटलं.

"माय, तू गप राय न."

त्यानं गोळ्या खिशात टाकल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे गा, मागच्या साली पाहिलं नाही का, गोळीनं किती जण लोळले."

"गोळीनं नाही लोळले," मी म्हटलं. माझा आवाज मोठा निघाला. "अंगात किडा होता म्हणून लोळले. गोळी पोटात गेली तेव्हा अंगाले तो दिसला. ताप अंगानं आणला."

"बुढी कुठून शिकून आली वो?"

मी खाली वाकले आणि डाव्या बाजूची साडी गुडघ्यापर्यंत वर धरली.

"इथून," मी म्हटलं.

सगळी माणसं ओरडतील, मागे सरतील, असं मला वाटलं होतं. कोणीच मागे सरलं नाही. बाया दुसरीकडे पाहायला लागल्या. आशाताईनं रजिस्टरात मान घातली. एक माणूस खोकला. मी साडी धरून उभी, आणि कोणाच्या तोंडावर नवल म्हणून नाही. शेवटी शेजारची म्हातारीच बोलली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा हळू होता.

"झाक वो बाई. आम्हाले मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"पाय. तुह्या डाव्या पायात पोराची चप्पल राहते आणि उजव्यात तुही. साऱ्या गावाले दिसते. आम्ही बोलत नाही, एवढंच."

मी खाली पाहिलं. उजव्या पायात माझी रबरी चप्पल, निळ्या पट्ट्याची. डाव्यात मुलाची काळी, मोठी. माझा पाय माझ्या चपलेत मावेनासा झाला तेव्हापासून मी त्याची जुनी चप्पल वापरत होते. साडी लांब आहे म्हणजे दिसत नाही असं मी धरून चालले होते. चालताना पाऊल पुढे टाकावं लागतं, तेव्हा ते साडीबाहेर येणारच, हे मला कधी सुचलं नाही.

मग आणखी एक गोष्ट समजली. जुनी चप्पल झिजली की नवी-जुनी दुसरी सपरीत तयारच असायची. मला वाटायचं पोरगा निष्काळजी आहे, चपला टाकून देतो. मी मुलाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"माय, साडी खाली सोड," तो म्हणाला.

"तू गोळ्या घे."

"सोड ना. लोक पाहून राहिले."

"तू घे, मी सोडते."

त्यानं खिशातून गोळ्या काढल्या आणि पाण्याशिवायच तोंडात टाकल्या. आशाताईनं ग्लास पुढे केला तर अर्धं पाणी शर्टावर सांडलं. मी साडी सोडली. माझं म्हणणं त्याला पटलं होतं असं नाही. मी पाय झाकावा म्हणून त्यानं घेतल्या. त्याच्यामागे दोन-तीन जणांनी तिथेच घेतल्या, तेही माझ्याकडे न पाहता. बाकीचे मुठी आवळून घरी गेले.

सायंकाळी मुलाला ताप भरला. अंग फणफणलं, डोकं फुटतं म्हणाला, हातांवर पुरळ उठली. सून घाबरली. आशाताई येऊन पाहून गेली, तापाची गोळी दिली, उद्यापर्यंत उतरेल म्हणाली. मी त्याच्या कपाळावर ओलं फडकं बदलत बसले. बाहेरून कोणी हाक मारली, "काय गा, गाडी नाही काढली आज?" तर आतून तो म्हणाला, "सांगा, गोंदियाला गेला." ताप कोणाला येतो ते मीच सकाळी गल्लीसमोर ओरडून सांगितलं होतं. सून बाहेर जाऊन खोटं बोलून आली. पिकअप अंगणातच उभी होती.

मला मात्र मी आजारी नाही ह्याची वेगळीच लाज. जाड पाय माझा, आणि गोळी घेऊन मी धडधाकट, भाकरी भाजत होते. धडधाकट दिसणारा पोरगा अंथरुणावर. दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी आली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "माह्याही नातवाले भरला वो. कोणाले सांगू नको." तिनं इतक्या हळू आवाजात बोललेलं मी दोनदाच ऐकलं.

ताप उतरला. नर्सचं म्हणणं होतं की एका वर्षाच्या गोळ्यांनी काम संपत नाही, मोठे किडे लगेच मरत नाहीत, पुढच्या वर्षीही घ्यायच्या. आणि पाय आताच दाखवावा, म्हणजे तो एवढ्यावर राहू शकतो. हे सांगून मी त्याला गोरेगावला घेऊन गेले. गाडी त्यानं दवाखान्यासमोर न लावता बाजाराच्या टोकाला लावली. आत गेल्यावर त्यानं आधी बाकावरची माणसं पाहून घेतली. एकेक तोंड, दारापासून भिंतीपर्यंत. मी त्याच्या मागे उभी होते आणि मला ते पाहवलं नाही. पाय त्याला डासानं दिला असेल. ही नजर त्यानं माझ्याकडून घेतली होती.

नर्सनं मला ओळखलं. घमेलं आणलं आणि तिच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "पॅन्ट वर करा दादा. आजी, तुम्ही शिकवा त्याले, तुम्हाले येते."

मी पदर खोचून खाली बसायला लागले.

"तू बाहेर थांब, माय," तो म्हणाला.

"मी कायले बाहेर जाऊ? मी धुतले नाही का तुझे पाय?"

"थांब म्हटलं न बाहेर."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि नर्स सांगत होती, बोटांच्या मधे, बोटांच्या मधे, आता कोरडं करा. बाकावर बाजूला एक बाई बसली होती, तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मी काळी चप्पल साडीखाली ओढून घेतली.